ठेवायचा आहे, वाचायचा नाही

आपल्या विभागाचा वार्षिक अहवाल विधानमंडळास सादर करण्याचे काम यंदा आपल्या टेबलावर आले असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. घाबरून सुटीचा अर्ज टाकण्यापूर्वी कायदा एकदा शांतपणे वाचावा. सदस्यांनी अहवाल वाचावा, तो त्यांना समजावा किंवा त्यावर चर्चा व्हावी, असे कायदा कोठेही म्हणत नाही. अहवाल सभागृहासमोर 'ठेवावा', एवढेच तो म्हणतो. महालेखापरीक्षकांचा अहवाल अनुच्छेद 151 नुसार राज्यपालांकडे जातो आणि तेथून विधानमंडळासमोर ठेवला जातो. लोकसेवा आयोगाचा, माहिती आयोगाचा, शासकीय कंपन्यांचा अहवालही ठेवलाच जातो. जपून ठेवलेल्या वस्तूचे पुढे काय होते, हे ज्या घरात आजी आहे त्या घरातील प्रत्येकाला ठाऊक असते.

ठेवण्याचा मुहूर्त मात्र चुकवू नये. अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी अहवाल ठेवणे म्हणजे पाहुण्यांना दारातच घरातले भांडण दाखवणे होय. अखेरचा दिवस सर्वांत शुभ. त्या दिवशी सदस्यांचे अर्धे लक्ष परतीच्या गाडीकडे असते आणि अधिवेशन नागपूरचे असेल तर उरलेले अर्धे संत्र्यांच्या पेटीकडे असते. महालेखापरीक्षकांचे अहवाल आपल्याकडे वर्षानुवर्षे याच मुहूर्तावर पटलावर येत आले आहेत, तेव्हा परंपरेचा आधार आपल्याला आहेच. मुंबईतील आदर्श सोसायटीच्या घोटाळ्याची चौकशी करणाऱ्या आयोगाने आपला अहवाल एप्रिल 2013 मध्ये दिला. चौकशी आयोग अधिनियमानुसार तो केलेल्या कार्यवाहीच्या ज्ञापनासह सहा महिन्यांत ठेवायचा असतो. तो ठेवला गेला 20 डिसेंबर 2013 रोजी, नागपुरात, अधिवेशन संपता संपता, आणि तोही मंत्रिमंडळाने अहवाल फेटाळल्याच्या निर्णयासह. उत्तरपत्रिका वाटतानाच परीक्षा रद्द झाल्याचे जाहीर करण्याची ही रीत आपण अभ्यासावी.

आता नियमांविषयी. आपल्या विभागाने एखाद्या अधिनियमाखाली नियम केले असतील, तर त्या अधिनियमाच्या अखेरीस एक ठरावीक कलम सापडेल: प्रत्येक नियम, तो केल्यानंतर 'शक्य तितक्या लवकर', प्रत्येक सभागृहासमोर, ते अधिवेशनात असताना, एकूण तीस दिवस ठेवण्यात यावा. यातील 'शक्य तितक्या लवकर' या शब्दांवर आपण मनापासून प्रेम करावे, कारण काय शक्य आहे हे ठरवणारे आपणच असतो. तीस दिवसही कॅलेंडरचे नाहीत, अधिवेशनाचे आहेत. नागपूरचे 2024 चे हिवाळी अधिवेशन 16 ते 21 डिसेंबर असे सहा दिवसांचे होते; या गतीने तीस दिवस भरेपर्यंत नियमाला दाढीमिशा फुटतात. तो अमलात येण्यासाठी मात्र कोणी थांबत नाही, राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून तो कामाला लागलेला असतो. पुढे एखाद्या चिकाटीच्या सदस्याने तो रद्द करवून घेतलाच, तरी तोवर त्याखाली केलेल्या गोष्टींच्या वैधतेला बाध येत नाही, असे त्याच कलमाच्या शेपटीत लिहिलेले असते. इतकी मायाळू शेपूट मी दुसऱ्या कोणत्याही कलमाला पाहिलेली नाही.

खरी कसोटी आकड्यांची आहे आणि तेथे थोडे रेंगाळावेच लागेल. आकडा द्यावा की न द्यावा, हा प्रश्न नवख्या अधिकाऱ्याला सतावतो. त्याने राज्याचा 2011-12 चा आर्थिक पाहणी अहवाल आठवावा. दहा वर्षांत राज्यातील सिंचित क्षेत्राचे प्रमाण 17.8 टक्क्यांवरून 17.9 टक्क्यांवर गेले, असे त्यातील एका तक्त्यावरून दिसत होते. कोणीतरी तो तक्ता वाचला, आणि पटलावर ठेवलेली गोष्ट वाचली गेली की काय होते ते महाराष्ट्राने पाहिले. त्या 0.1 टक्क्यावरून हजारो कोटींच्या खर्चाचा हिशेब मागितला गेला, सप्टेंबर 2012 मध्ये उपमुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला, नोव्हेंबरात जलसंपदा विभागाची श्वेतपत्रिका आली आणि डिसेंबरात उपमुख्यमंत्री परत आले. श्वेतपत्रिकेने शिकवलेला धडा मोलाचा आहे. भिजलेले शेत मोजू नये, 'निर्माण झालेली सिंचन क्षमता' मोजावी. शेत भिजण्यासाठी धरणात पाणी, कालव्याला चारी आणि चारीला उतार लागतो. क्षमता निर्माण होण्यासाठी प्रकल्पाचे काम कागदोपत्री त्या टप्प्यापर्यंत आलेले पुरते.

पाहणी अहवालाने आणखी मोठा धडा घेतला. त्यानंतरच्या कित्येक वर्षांच्या अहवालांत सिंचित क्षेत्राच्या टक्केवारीच्या त्या रकान्यात 'उपलब्ध नाही' एवढेच छापले गेले. आपल्या अहवालातील जो आकडा सर्वांत बोलका असेल, त्याच्या जागी हे दोन शब्द ठेवावेत. चुकीच्या आकड्यावर हक्कभंग येऊ शकतो, बरोबर आकड्यावर राजीनामा मागितला जातो. पण उपलब्ध नसलेल्या आकड्यावर कोणी कारवाई केल्याचे मला तरी आठवत नाही.

कार्यक्रम अंदाजपत्रक, म्हणजे योजनांचा खर्च आणि त्यातून झालेले काम एकत्र मांडणारे पुस्तक, तयार करताना योजनेने काय साधले यापेक्षा योजनेवर काय खर्च झाले, हे ठळक करावे. 'प्रशिक्षण दिलेल्यांची संख्या' लिहावी. ते पुढे काय करतात, ही त्यांची खासगी बाब आहे.

तारांकित प्रश्न आला तर उत्तराचा साचा आधीच शिवून तयार आहे. प्रश्नाची सुरुवात 'हे खरे आहे काय' अशी होते, पुढे 'असल्यास कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे' येते आणि शेवट 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत' असा होतो. आपण पहिल्या भागाला 'हे अंशतः खरे आहे' म्हणावे. कोणता अंश, हे सांगणे बंधनकारक नाही. शेवटच्या भागाला 'प्रश्न उद्भवत नाही' असे उत्तर द्यावे. समोर छापील प्रश्न दिसत असताना तो उद्भवलेला नाही असे लिहायला पहिल्या वर्षी हात थोडा थरथरतो, नंतर सवय होते. मंत्रिमहोदयांनी सभागृहात उभे राहून 'तीन महिन्यांत पूर्ण करू' असे मात्र म्हणू नये, यासाठी अधिकारी दीर्घेतून वेळीच चिठ्ठी पाठवावी. नाहीतर ते वाक्य मंत्र्यांच्या शब्दांचा पाठपुरावा करणाऱ्या आश्वासन समितीच्या यादीत जाऊन बसते आणि वर्षानुवर्षे आपल्याच नावाने पत्रे येत राहतात.

आपण महामंडळात असाल तर याहूनही सुखात आहात. कंपनी कायद्याच्या कलम 395 नुसार वार्षिक अहवाल सर्वसाधारण सभेपासून तीन महिन्यांत तयार करून मग विधानमंडळासमोर ठेवायचा असतो. त्या सभेत लेखे मंजूर व्हावे लागतात, आणि लेखेच अंतिम झाले नसतील तर सभा तहकूब करावी लागते. सभा तहकूब, तर तीन महिन्यांची मोजणीही तहकूब.

एवढे करूनही महालेखापरीक्षकांचे अहवाल तपासणाऱ्या, विधानमंडळाच्या लोकलेखा समितीचे बोलावणे येऊ शकते. समितीचे अध्यक्ष प्रथेप्रमाणे विरोधी पक्षाचे असतात आणि सचिवांना साक्षीला बसवून परिच्छेदागणिक विचारतात, म्हणून नवखे लोक तिला घाबरतात. पण समितीपुढील अहवालांची रांग आपल्या कारकिर्दीपेक्षा लांब आहे, आणि 2005 च्या बदल्यांच्या अधिनियमानुसार एका पदावर आपला सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचाच आहे. बोलावणे येईल तेव्हा आपण दुसऱ्या विभागात, दुसऱ्या एका अहवालाचे मुखपृष्ठ निवडत असाल. आपल्या जागी आलेला अधिकारी समितीला विनम्रपणे सांगेल की तो नुकताच रुजू झाला आहे. मग तो घाईघाईने आपल्याला फोन करून विचारेल की साहेब, तो अहवाल कोठे आहे, आणि आपण त्याला खरे तेच सांगावे: ठेवला आहे.