‘मुलांना गाडीनेच शाळेत सोडा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘सुजाण पालकांनो, मुलांना चालत शाळेत पाठवण्याचा धोका पत्करू नका’ अशी सुरुवात असलेला एक लांबलचक मेसेज पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. लिहिणाऱ्याचं नाव नाही, माहिती कुठून घेतली त्याचा उल्लेख नाही. मी तो आधीही पाहिला होता आणि सोडून दिला होता. पण आता तो माझ्या ताईने मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘सोमवारपासून हिला गाडीनेच सोडणार.’ ही म्हणजे माझी भाची. दुसरीत आहे. शेजारच्या मुलांबरोबर ती चालत शाळेत जाते आणि सोबत आळीपाळीने कुणातरी एकाचे आई किंवा वडील असतात. इतकी चांगली घडी बसलेली असताना ती एका निनावी मेसेजमुळे मोडणार असेल, तर गप्प बसणं मला जमणार नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. गाडीत बसलेलं मूल सगळ्यात सुरक्षित असतं. रस्ता ओलांडताना मुलांना अपघात होतात ते त्यांच्याच बेफिकिरीमुळे, गाड्यांच्या वेगाचा त्याच्याशी संबंध नाही. चालणारं मूल धूर घेतं, गाडीतलं काचेआड वाचतं. चालून दमलेल्या मुलाचं वर्गात लक्ष लागत नाही. शाळेसमोरचा रस्ता गाड्यांना बंद केला तर कोंडी फक्त शेजारच्या गल्लीत जाते. आणि आपल्या एका गाडीने कुणाचं काही बिघडत नाही.

यातला बेफिकिरीचा मुद्दा सगळ्यात घातक आहे, म्हणून आधी तोच घेते. मेसेजमधलं वाक्य असं आहे: ‘सात वर्षांच्या मुलाला गाडी दिसते, ऐकू येते, तरी ते मध्ये जातं, मग चूक कोणाची?’

गाडी दिसते, हे खरं. पण रस्ता ओलांडायला नुसतं दिसून भागत नाही. ती किती वेगाने येतेय, आपल्यापर्यंत पोहोचायला तिला किती वेळ लागेल, हे कळावं लागतं. आणि सरळ आपल्या रोखाने येणारी गाडी आडवी सरकताना दिसत नाही, ती जागच्या जागी मोठी होत जाताना दिसते. ती किती भरभर मोठी होतेय यावरून मेंदू अंदाज बांधतो. जॉन वॅन, डेमियन पोल्टर आणि कॅथरीन पर्सेल या संशोधकांनी प्राथमिक शाळेतल्या मुलांची नेमकी हीच क्षमता तपासली. त्यांचा अभ्यास २०११ मध्ये ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकात छापून आला. त्यांना काय आढळलं? ताशी २० मैलांपेक्षा, म्हणजे साधारण ३२ किलोमीटरपेक्षा, जास्त वेगाने येणारी गाडी आपल्या दिशेने येतेय हेच या वयाच्या मुलांना ओळखता येईल याचा भरवसा नाही. ही क्षमता वयाबरोबर वाढत जाते. सातव्या वर्षी ती पुरेशी आलेली नसते, मूल कितीही हुशार असो आणि कितीही आज्ञाधारक असो.

हे असं का होतं, ते साध्या हिशोबाने कळतं. रस्ता ओलांडायला मुलाला पाच सेकंद लागतात असं धरू. ताशी ३० किलोमीटरने येणारी गाडी पाच सेकंदांच्या अंतरावर असते तेव्हा ती मुलापासून सुमारे ४२ मीटरवर असते. ताशी ५० ने येणारी गाडी तेवढ्याच पाच सेकंदांवर असताना जवळजवळ ७० मीटरवर असते. म्हणजे मुळात ती लहान दिसते आणि लांब असल्यामुळे डोळ्यांपुढे मोठीही सावकाश होते. जी गाडी जास्त धोक्याची, तीच मुलाला उभी असल्यासारखी वाटू शकते. मूल कडेला थांबतं, दोन्हीकडे बघतं, शिकवलेलं सगळं करतं, आणि तरीही पाऊल टाकतं. याला बेफिकिरी म्हणणं क्रूरपणा आहे. ज्या आईबापांनी असा अपघात भोगला असेल, त्यांच्या हातात हा मेसेज पडला तर त्यांना काय वाटेल, याचा विचार तो पुढे ढकलणाऱ्या एकानेही केलेला नाही.

आता चालकाच्या बाजूने बघा. अचानक मूल पुढे आलं तर पाय ब्रेकवर जायला साधारण एक सेकंद जातो. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या ब्रेकची, ताशी ३० ने जाणारी गाडी त्या सेकंदासकट १३-१४ मीटरमध्ये उभी राहते. ताशी ५० ने जाणारी गाडी त्या एका सेकंदातच जवळपास १४ मीटर पुढे गेलेली असते. पहिली गाडी जिथे थांबली, तिथे दुसरीचा ब्रेक जेमतेम लागायला सुरुवात होते, म्हणजे मुलाला धडक बसते ती जवळजवळ पूर्ण वेगाने. वेगाचा संबंध नाही म्हणणाऱ्याने हा एवढा गुणाकार तरी करून बघायला हवा होता.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते २९ या वयातल्या मृत्यूंचं सगळ्यात मोठं कारण रस्त्यावरचे अपघात आहे, आणि सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की प्राणघातक अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमला झालेल्या जागतिक परिषदेच्या जाहीरनाम्यात, जिथे पायी आणि सायकलने जाणारे लोक वाहनांमध्ये मिसळतात तिथे ताशी ३० किलोमीटरची कमाल मर्यादा ठेवा असं म्हटलं आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने त्या जाहीरनाम्याला दुजोरा दिला. हेलसिंकी शहरात निम्म्याहून जास्त रस्त्यांवर हीच मर्यादा आहे आणि जुलै २०२५ मध्ये संपलेल्या बारा महिन्यांत तिथे रस्ते अपघातात एकही माणूस गेला नाही. याचं श्रेय एकट्या वेगमर्यादेचं नाही. रस्त्यांची रचना, कॅमेरे, सार्वजनिक वाहतूक हे सगळं त्यात आलं. पण तिथल्या मुलांच्या डोळ्यांत काही जादू नाही, हे तर नक्की.

मग मुलांना रस्ता ओलांडायला शिकवायचं नाही का? जरूर शिकवायचं. कडेला थांबणं, हात धरणं, उभ्या गाड्यांमधून न घुसणं, हे सगळं रोज सांगायचं. फक्त शिकवल्याने ती क्षमता वेळेआधी येईल, अशी आशा धरायची नाही. स्टिना सांडेल्स या स्वीडिश मानसशास्त्रज्ञ १९६० च्या दशकापासून हेच सांगत होत्या: लहान मुलांना रहदारीच्या साच्यात बसवता येत नाही, रहदारीच त्यांना झेपेल अशी करावी लागते. आणि ती होईपर्यंत निर्णय मोठ्या माणसाने घ्यायचा. ‘चालत्या बस’ची कल्पना याच गरजेतून आली. तिचं श्रेय ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड एंगविक्ट यांना दिलं जातं आणि १९९० च्या दशकापासून ती अनेक देशांत पसरली. ठरलेला रस्ता, ठरलेल्या वेळा, वाटेत मुलं सामील होत जातात, पुढे एक मोठा माणूस आणि मागे एक. जपानमध्ये प्राथमिक शाळेतली मुलं गटाने चालत जातात, वरच्या वर्गातली मुलं लहानांना सांभाळतात आणि मोठ्या चौकात मोठी माणसं उभी असतात. माझ्या भाचीची सोय याच जातीची आहे. तिथे वेगाचा अंदाज तिला घ्यावाच लागत नाही. मेसेज लिहिणाऱ्याने ‘चालणारं मूल’ म्हणजे एकटं सोडलेलं मूल असं धरून टाकलं आणि ताईने ते तसंच वाचलं.

आता ‘गाडीतलं मूल सगळ्यात सुरक्षित’ हा मुद्दा. यात अर्धं सत्य आहे आणि ते मला नाइलाजाने मान्य करावं लागतं. वयाला साजेशा सीटवर नीट पट्टा लावून बसलेलं मूल, दर किलोमीटरमागे मोजलं, तर पायी जाणाऱ्या मुलापेक्षा सुरक्षित असतं. जिथे फुटपाथच नाही आणि गाड्या भरधाव जातात, अशा रस्त्याने मूल पाठवायला जी आई तयार नाही, तिला मी चूक म्हणणार नाही.

पण मेसेज तिथेच थांबतो आणि पुढची गोष्ट सांगत नाही. ते मूल पट्टा लावून बसलेलं असतं का? ‘एवढंसंच तर अंतर’ म्हणून पुढच्या सीटवर कुणाच्या मांडीवर, नाहीतर मागे दोन सीटांच्या मध्ये उभी असलेली मुलं शाळेच्या दारात रोज दिसतात. एका फटक्यात ब्रेक लागला तर त्या मुलाला अडवायला काहीही नसतं. आणि पायी जाणाऱ्या मुलाला धोका कशाचा आहे? शाळा भरायच्या वेळी त्याच दाराशी गोळा झालेल्या गाड्यांचा. कुणी दुसऱ्या रांगेत उभी केलेली, कुणी फुटपाथवर चढवलेली, कुणी घाईत मागे घेतोय. सात वर्षांच्या मुलाची उंची साधारण १२० सेंटिमीटर असते. उंच गाडीचं बॉनेट जवळजवळ त्याच्या छातीपर्यंत येतं आणि अगदी पुढ्यात उभं असलेलं मूल चालकाला दिसतच नाही. दोन उभ्या गाड्यांच्या फटीतून बाहेर येणाऱ्या मुलालाही रस्ता दिसत नाही. म्हणजे चालणं धोक्याचं म्हणून आपण गाडी काढतो, त्या गाडीने चालणं आणखी धोक्याचं होतं आणि ते बघून दुसरे पालकही गाडी काढतात. ताई, तुझी गाडी त्या रांगेत गेली की शेजारच्या मुलांसाठी रस्ता आणखी थोडा वाईट होणार आहे, आणि ही तीच मुलं आहेत जी आजवर तुझ्या मुलीबरोबर चालत होती.

धुराचा मुद्दा तर सरळ उलटा आहे. गाडी आत घेते ती हवा पुढच्या गाडीच्या धुरकांड्यातून निघालेलीच असते. कोंडीत अडकलेल्या गाडीच्या आतली हवा शेजारच्या फुटपाथवरच्या हवेपेक्षा अनेकदा जास्त वाईट असते, हे वेगवेगळ्या ठिकाणच्या मोजमापांत दिसून आलं आहे. आतलीच हवा फिरवत ठेवली आणि फिल्टर चांगला असला तर धुराचे सूक्ष्म कण कमी होतात, पण मग बंद डब्यात श्वासातला कार्बन डायऑक्साइड साचत जातो. पायी जाणाऱ्याला एक सोय असते जी गाडीला नाही: मुख्य रस्ता सोडून आतली गल्ली धरता येते. वाहनांपासून थोडं जरी दूर गेलं तरी अतिसूक्ष्म कण झपाट्याने विरळ होतात. धूर मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त बाधतो, हे मात्र मेसेजमध्ये बरोबर आहे. त्यांची फुप्फुसं वाढत असतात आणि वजनाच्या मानाने ती जास्त हवा आत घेतात. म्हणून तर शाळेच्या दारात इंजिन चालू ठेवून उभं राहणं बंद व्हायला हवं.

‘एका गाडीने काय होतं’ याचं उत्तरही इथेच आहे. पेट्रोल गाडीच्या धुरातले विषारी वायू कमी करणारं यंत्र शेकडो अंश तापल्यावरच नीट काम करतं. सकाळी थंड इंजिनाने एक किलोमीटर जाऊन थांबणाऱ्या गाडीत ते तापायच्या आतच प्रवास संपतो. अंतर लहान असलं तरी दर किलोमीटरमागे सगळ्यात घाण धूर याच फेरीत निघतो, आणि निघतो तो वर्गाच्या खिडक्यांजवळ.

चालून मुलं दमतात, यावर फार लिहीत नाही. ५ ते १७ वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी किमान ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन आहे. शाळेची झपझप पायपीट त्यातला थोडा वाटा उचलते. दप्तर जड असेल तर दप्तर हलकं करा.

राहिला रस्ता बंद करण्याचा मुद्दा. शाळा भरताना आणि सुटताना थोडा वेळ समोरचा रस्ता गाड्यांना बंद ठेवण्याची पद्धत इटलीतल्या बोल्झानो शहरात १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून आहे. आता लंडन आणि पॅरिससारख्या शहरांतही असे रस्ते आहेत. पहिल्या काही दिवसांत शेजारच्या गल्लीत गाड्या वाढतात, ही तक्रार खोटी नाही, आणि तिथे राहणाऱ्यांचा त्रास मला कळतो. पण एडिनबरा नेपियर विद्यापीठाने २०२० मध्ये अशा प्रयोगांच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा बहुतेक ठिकाणी आजूबाजूचे रस्ते धरूनही एकूण गाड्या कमी झाल्याचं दिसलं. सगळ्या गाड्या शेजारी सरकत नाहीत, काही घरीच राहतात.

ज्यांना गाडीशिवाय इलाज नाही असे पालक आहेत. कुणाचं घर लांब, कुणाला तिथूनच कामावर जायचं असतं, कुणाचं मूल चालू शकत नाही. चालू न शकणाऱ्या मुलाची गाडी दारापर्यंत आलीच पाहिजे आणि तिला जागा मिळावी म्हणून तरी बाकीच्यांनी दार मोकळं ठेवावं. इतरांनी शाळेच्या तीनचारशे मीटर अलीकडे, वळणापासून आणि झेब्रा क्रॉसिंगपासून दूर गाडी उभी करावी, इंजिन बंद करावं आणि तिथून हात धरून चालत जावं. मुलाला फुटपाथच्या बाजूच्या दारानेच उतरवावं. आणि शाळेच्या दारासमोर गाडी मागे घेऊ नये, कितीही उशीर झालेला असो.