टेबलावरचा पूर

पूर क्युसेकमध्ये मोजतात, पण नाशिकमध्ये ते फक्त कागदावर. गोदावरीवरच्या गंगापूर धरणातून किती विसर्ग सोडला हा आकडा ऐकून इथला माणूस नुसती मान हलवतो आणि विचारतो, "मारुतीला कुठवर लागलंय?" रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती हेच आमचे खरे मोजमाप आहे. पाणी गुडघ्याला असेल तर चहा घेऊन सावकाश बघायला जावे. छातीला लागले तर सराफ बाजाराने आवराआवर करावी. आणि नारोशंकर मंदिराच्या घंटेला लागले तर पुढची पन्नास वर्षे नातवंडांना सांगावे. हा पूर ऐन एप्रिलमध्ये आणि तोही लॅपटॉपवर आणण्याची दुर्बुद्धी मला झाली, तिला माझा भाचा जबाबदार आहे.

"मामा, कणांचा खेळ टाकून देतो," असे तो म्हणाला, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर जिनिव्हाजवळचा २७ किलोमीटर घेराचा, कणांची टक्कर घडवणारा भुयारी मार्ग आणि २०१२ साली तिथे सापडलेला हिग्ज बोसॉन हा कण उभा राहिला. प्रत्यक्षात निघाला तो 'द पावडर टॉय' नावाचा फुकट मिळणारा खेळ. त्याच्या पडद्यावर आडवे ६१२ आणि उभे ३८४ असे ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपक्यावर वाळूचा, पाण्याचा, अगदी प्लुटोनियमचासुद्धा एक कण ठेवता येतो. गुणाकार मी केला: २,३५,००८ कण. प्रत्येक कणाची विचारपूस सेकंदाला ६० वेळा, म्हणजे दर सेकंदाला १ कोटी ४१ लाख चौकशा! बरे, पाण्याच्या थेंबाला फक्त शेजारपाजारचे बघावे लागते: खाली जागा आहे का, नसेल तर डावीकडे किंवा उजवीकडे सरकावे. हे निदान वाड्यातल्या शेजारधर्मासारखे आहे. ग्रहताऱ्यांच्या खेळात मात्र प्रत्येकजण प्रत्येकाला ओढत असतो. तिथे हजार गोळे घेतले, तर सरळ हिशेबाने ४,९९,५०० जोड्यांची सोयरीक एका क्षणात जुळवावी लागते. मी गोदावरीवरच थांबलो, यात माझा संयम दिसून येतो.

दोन संध्याकाळी खपून मी दगडी घाट, कुंड, नारोशंकराची घंटा आणि मधोमध मारुती (त्याला एकच तोंड जमले) उभा केला आणि वरून पाणी सोडले. मारुतीच्या गुडघ्यापर्यंत सगळे सुरळीत होते. गुडघा ओलांडला आणि लॅपटॉपचा पंखा असा घोंगावू लागला की शेजारच्या काकूंनी "गिरणी सुरू केली का?" म्हणून विचारले. पाणी आता थेंबाथेंबाने नव्हे, चित्राचित्राने पुढे सरकत होते. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास गेला की जळू नये म्हणून आपणहून हात आखडता घेतो, हे ज्ञान मला तळहाताला चटका बसून झाले.

दुकानदाराने लगेच महागडे ग्राफिक्स कार्ड असलेला लॅपटॉप सुचवला. भाच्याने मात्र सांगितले, की या खेळातले कण मुख्यतः प्रोसेसरच्या एकाच कोअरवर, म्हणजे त्यातल्या एकाच कामगारावर, चालतात, कारण एक थेंब सरकला की मगच दुसऱ्याला जागा आहे की नाही ते कळते. माझ्या लॅपटॉपला आठ कोअर आहेत. लग्नाच्या पंगतीत एकटा वाढपी वरणाची बादली घेऊन धावतो आहे आणि खांद्यावर पंचे टाकलेले सातजण खांबांना टेकून उभे आहेत, असे ते दृश्य होते. पैसे वाचले म्हणून मी खूश झालो, पण उकाडा तसाच राहिला.

शेवटी मी चार स्टीलच्या वाट्या पालथ्या घालून त्यांवर लॅपटॉप ठेवला, म्हणजे खालून वारा खेळेल, आणि समोर टेबलफॅन लावला. युक्ती फळली. पाणी मारुतीच्या कमरेला लागले, मग छातीला. मी श्वास रोखून घंटेकडे बघत होतो, एवढ्यात मागून आवाज आला, "अहो, आमटी वाढायला घरात एक वाटी नाही!" आणि मी वळेपर्यंत दोन वाट्या स्वयंपाकघरात पोचल्या होत्या. एका बाजूने कललेला लॅपटॉप टेबलावर आपटला, पंख्याने एक उचकी दिली आणि पडदा काळा झाला. मी काहीही सेव्ह केलेले नव्हते.

रात्री भाच्याचा फोन आला. "मामा, कुठवर आला पूर?"

"वाट्यांपर्यंत," मी म्हणालो, "आणि ओसरला."