जावईबापूंची पाणीयोजना

नवतपा, म्हणजे मे-अखेरचे ते नऊ रणरणते दिवस, सुरू व्हायच्या आत संगणक गार ठेवायला त्याला पाण्याचा लूप, म्हणजे पाणी गोल फिरवणाऱ्या नळ्यांचं जाळं, बसवून टाकायचा, असं मी ठरवलं आणि नेमके त्याच आठवड्यात सासरे नागपूरला मुक्कामाला आले. ते पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेत. उभी हयात पेंचच्या कालव्यांवर गेली. मी टेबलावर पंप, टाकी आणि नळ्या मांडत होतो, तेव्हा त्यांनी पेपर बाजूला ठेवला, चष्मा पुसला आणि विचारलं, "जावईबापू, स्कीम किती लिटरची?"

"असेल लिटरभर."

"अन् लाभक्षेत्र?"

लाभक्षेत्रात एक प्रोसेसर आणि एक ग्राफिक्स कार्ड. बिल्डर लोकांना न बांधलेल्या इमारतींचे देखावे करून देणं हा माझा धंदा. देखावा रेंडर व्हायला लागला, म्हणजे संगणक त्याचं पक्कं चित्र काढायला बसला, की प्रोसेसर ९५ अंशांवर जातो आणि जीव वाचवण्यासाठी स्वतःच वेग कमी करतो. मग बिल्डरचा फोन येतो, आणि पंख्यांच्या घरघरीत त्याचं बोलणं मला अर्धंच ऐकू येतं. हा एक फायदा सोडला तर हवेवर चालणाऱ्या कूलिंगात दम उरला नव्हता.

तत्त्व सोपं आहे. प्रोसेसरच्या डोक्यावर तांब्याचा ब्लॉक बसतो, त्याच्या पोटात बारीक खाचा असतात. पंप त्यातून पाणी ढकलतो, पाणी उष्णता उचलून रेडिएटरमध्ये नेतं आणि पंखे ती हवेत सोडतात. पैसे जातात ते फिटिंगमध्ये. प्रत्येक भागाला दोन तोंडं, आणि प्रत्येक तोंडाला पाव इंची आट्यांचं एक चकचकीत फिटिंग. सासऱ्यांनी एक हातात घेऊन आटे नखाने तपासले. "हे तर आपलं बीएसपी! नळाच्या पाइपाचेच आटे!" त्यांचा चेहरा खुलला. मग किंमत ऐकली. त्या पैशात आमचा प्लंबर घरी येऊन अख्खा नळ बदलून, वर चहा पिऊन जातो. "टेंडर काढलं होतं का?" एवढंच ते म्हणाले.

स्वस्तातला ॲल्युमिनियमचा रेडिएटर मात्र त्यांनी फोटोवरच नामंजूर केला. ब्लॉक तांब्याचा, रेडिएटर ॲल्युमिनियमचा आणि पाणी एकच, म्हणजे ॲल्युमिनियम कुरतडलं जाणार, हे त्यांना मी सांगायची गरज पडली नाही.

खरा वाद पेटला तो पाणीवाटपावरून. पाणी आधी प्रोसेसरकडे जाणार आणि मग कार्डाकडे, हे नळ्यांवरून दिसताच ते सरसावले. "म्हणजे कार्ड टेलवर! त्याच्या वाट्याले गरम पाणी. आज ना उद्या मोर्चा येईन तुमच्यावर." मी समजावलं की पाणी इतक्या वेगाने फिरतं की सगळ्या लूपमध्ये त्याचं तापमान जवळजवळ सारखंच राहतं, फार तर एखाद-दोन अंशांचा फरक. शेवटच्या शेतकऱ्यालाही पहिल्याइतकंच पाणी मिळतं, ही गोष्ट त्यांनी अख्ख्या नोकरीत पाहिली नव्हती. त्यांनी ती मानलीही नाही.

पाणी आणायला बॅटरीच्या दुकानात गेलो. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन मागितला.

"गाडी कोणती?"

"गाडी नाही, कॉम्प्युटर."

"म्हणजे इन्व्हर्टर."

"नाही हो, कॉम्प्युटरातच टाकायचं आहे."

दुकानदाराने कॅन दिला, पण पैसे आधी घेतले.

नळ्या वाकवण्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण आठवण नको वाटते. पीईटीजी नावाच्या कडक प्लास्टिकची नळी, आत सिलिकॉनची दोरी, हातात हीट गन आणि बाहेर ४५ अंश. नळी मऊ व्हायच्या आधी माणूस होतो. आणि मोजून कापलेली नळी कापल्यानंतर चार मिलिमीटर आखडते, ही गोष्ट कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत.

मग आली गळती-चाचणी. मदरबोर्डची वीज काढून ठेवायची, पॉवर सप्लायच्या मोठ्या प्लगमधली हिरवी तार काळीला जोडायची म्हणजे नुसता पंप चालतो, आणि प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवून रात्रभर वाट पाहायची. हवेचे बुडबुडे निघावेत म्हणून कॅबिनेट मधूनमधून डावीउजवीकडे कलतं करायचं. त्या काचेच्या धुडाची एक बाजू मी धरली, दुसरी सासऱ्यांनी. "एअर व्हॉल्व्ह ठेवायला पाहिजे होता," ते धापा टाकत म्हणाले. टाकीचं झाकण उघडं ठेवतो तोच आमचा एअर व्हॉल्व्ह, असं मी सांगितलं. त्यांना ते बेकायदेशीर वाटलं.

रात्रपाळी त्यांनी मागून घेतली. स्टूल, टॉर्च आणि पंख्याच्या वाऱ्याने टिश्यू उडू नयेत म्हणून बंद केलेला पंखा. पहाटे त्यांनी मला हलवून उठवलं. आवाजात उत्साह मावत नव्हता.

"उठा! लिकेज होऊन राहिलं!"

कार्डाखालच्या टिश्यूवर खरंच ओला डाग होता. पंप बंद केला. फिटिंग काढलं, त्यातली रबरी ओ-रिंग भिंगाखाली पाहिली, पुन्हा बसवलं. नवा टिश्यू. सासरे टॉर्च घेऊन वाकले, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरून घामाचा एक टपोरा थेंब अलगद त्या टिश्यूवर पडला.

डिस्टिल्ड वॉटरला रंग नसतो आणि सासऱ्यांच्या घामालाही नसतो. यासाठीच लोक रंगीत कूलंट वापरत असावेत.

आता प्रोसेसर भर दुपारीही पंचाहत्तरीच्या वर जात नाही आणि मशीन कुजबुजल्यासारखं चालतं. सासूबाईंना मात्र एक शंका राहिली. "त्यातली गर्मी बाहेर काढली म्हणता, मग गेली कुठं?"

"खोलीत," मी म्हणालो.

त्यांनी खिडकीतल्या वाळ्याच्या कूलरकडे पाहिलं. त्यातलं पाणी वाफ होऊन उडतं, म्हणून तो बाहेरच्या हवेपेक्षाही गार वारा देतो. माझ्या बंद नळ्यांतलं पाणी उडत नाही, त्यामुळे ते खोलीपेक्षा गार होणं शक्यच नाही. हे शास्त्र मी त्यांना नीट समजावून सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे आमच्या कूलरची गार हवा तुमचा डबा गरम करून राहिला." आणि खाट बाहेरच्या खोलीत हलवली.

सासऱ्यांचा मुक्काम वाढलाय. वर्षातून एकदा लूप रिकामा करून धुवावा लागतो हे कळल्यापासून ते वहीत आवर्तनाचं वेळापत्रक आखत बसलेत. काल विचारत होते, पाणीपट्टी कोण भरणार.