स्टेडियम पाहिजेच, पण करार आधी वाचू द्या

रविवारी माझा सकाळचा चहा आणि भावाचं रात्रीचं जेवण साधारण एकाच वेळी होतं. तेव्हा आमचा फोन होतो. तो कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत, मी अमेरिकेत सेंट लुईसला. गेले काही आठवडे त्या फोनवर एकच विषय आहे. त्याच्या तालमीतल्या पोरांचं म्हणणं, कोल्हापूरला फुटबॉलचा स्वतःचा व्यावसायिक संघ पाहिजे, त्यासाठी दिव्यांच्या उजेडात खेळता येईल असं नवं स्टेडियम पाहिजे, आणि पैसा सरकारनं घालावा. तालमीतली जुनी माणसं म्हणतात, आधी रस्ते करा, पंचगंगा स्वच्छ करा, मग बॉलचं बघू. भाऊ पोरांच्या बाजूचा. मी शंका काढली की त्याचं ठरलेलं वाक्य येतं, "अक्का, तुमच्याकडं सगळं हाय, म्हणून बोलतीस."

मला स्टेडियम हवंय. सातवीपर्यंत बाबा मला मॅचला न्यायचे. कोल्हापुरात पेठांतल्या तालमींचे आणि मंडळांचेच फुटबॉल संघ असतात; पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असली की पेठेत दुपारचं जेवण लवकर उरकायचं. उन्हानं तापलेल्या पायरीवर बाबा आधी रिकामं पोतं अंथरायचे, मग मला बसवायचे आणि शेंगांची पुडी माझ्या ओंजळीत रिकामी करायचे. गोल झाला की सगळे उभे राहायचे आणि मला नुसत्या पाठी दिसायच्या. मग बाबा बगलेत धरून वर उचलायचे. आठवीत गेल्यावर ते बंद झालं, मुलगी मोठी झाली म्हणून. मी फुटबॉल पुन्हा मैदानात बसून पाहिला तो थेट इथं, चाळिशीला टेकल्यावर.

सेंट लुईसबद्दल थोडं सांगायला हवं. अमेरिकेत फुटबॉल म्हटलं की हातात चेंडू घेऊन पळायचा तो खेळ. पण या शहराला आपला, पायानं खेळायचा फुटबॉल शंभर वर्षांहून जुना आहे. इथं तालमी नाहीत, चर्चचे विभाग आहेत, आणि त्या विभागांचे संघ असत. १९५० च्या वर्ल्ड कपमध्ये ब्राझीलमधल्या बेलो होरिझोंतेला अमेरिकेनं इंग्लंडला १-० असं हरवलं. त्या अकरा जणांत पाच सेंट लुईसचे होते, आणि त्यातले चार एकट्या 'द हिल' या इटालियन वस्तीतले. गोलकीपर फ्रँक बोर्गी पोटासाठी शववाहिका चालवायचा. त्या वस्तीत मी पहिल्यांदा गेले, खेटून उभी असलेली बुटकी विटांची घरं आणि दारात गप्पा मारत बसलेले म्हातारे बघितले, आणि मला शिवाजी पेठच आठवली.

या शहरानं स्टेडियमच्या पायी खाल्लेला मार मोठा आहे. १९९५ साली शहर, शेजारचा परगणा (काउंटी) आणि मिसुरी राज्य या तिघांनी कर्ज काढून अमेरिकन फुटबॉलसाठी छपराचं भलंमोठं स्टेडियम बांधलं. संघ आणायचा म्हणून बांधलं, आणि लॉस एंजलिसहून रॅम्स हा संघ आला. हप्ता वर्षाला २ कोटी ४० लाख डॉलर, निम्मा राज्याचा, उरलेला शहर आणि परगण्याचा. करारात एक कलम होतं की हे स्टेडियम ठरावीक वर्षांनी तपासलं जाईल, आणि तेव्हा ते देशातल्या वरच्या चौथाई स्टेडियममध्ये बसलं पाहिजे, नाहीतर संघ मोकळा. वीस वर्षांचं स्टेडियम नव्याच्या तोडीचं ठेवायचं म्हणजे पुन्हा कोट्यवधी डॉलर. तेवढे शहराकडे नव्हते. २०१६ च्या जानेवारीत संघ लॉस एंजलिसला परत गेला. स्टेडियमचं कर्ज मात्र इथल्या करदात्यांनी त्यानंतरही काही वर्षं फेडलं. शहरानं दावा लावला, २०२१ मध्ये ७९ कोटी डॉलरवर तडजोड झाली, त्यातला मोठा हिस्सा वकिलांना गेला.

ही जखम ओली असतानाच, २०१७ च्या एप्रिलमध्ये, शहरापुढे नवा प्रश्न आला. या वेळी आपल्या फुटबॉलचं स्टेडियम होतं, आणि त्यात शहरानं ६ कोटी डॉलर घालावेत असा प्रस्ताव होता. तो मतदानाला टाकला गेला. आकडा, कुठल्या कराचा पैसा, सगळं मतपत्रिकेवर. मला मताचा अधिकार नव्हता. शेजारचे आजोबा लहानपणी चर्चच्या संघातून खेळलेले, अजून घोटा दुखतो म्हणून पायऱ्या आडव्या उतरतात. मला वाटलं ते हो म्हणणार. ते नाही म्हणून आले. म्हणाले, "संघ मला हवाय. पण तो माझा नाही, मालकाचा आहे. मालकाच्या दुकानाचा गाळा मी का बांधून द्यायचा?" शंभरातल्या साधारण त्रेपन्न जणांनी नकार दिला आणि प्रस्ताव पडला.

सगळ्यांना वाटलं, संपलं. दोन वर्षांनी, २०१९ मध्ये, भाड्यानं गाड्या देणाऱ्या एंटरप्राइझ कंपनीच्या टेलर कुटुंबानं बहुतेक सगळा खर्च स्वतः उचलायचं ठरवलं आणि शहराला संघ मिळाला. ४ मार्च २०२३ ला घरच्या मैदानावरची पहिली लीग मॅच झाली, शार्लटविरुद्ध, ३-१ अशी जिंकली. मी तिथं होते. आमच्या पहिल्या गोलला मी उभी राहिले तेव्हा समोर कुणाची पाठ नव्हती, आणि मला रडू आलं.

खासगी पैशाचं झालं म्हणून ते फुकटात पडलं असं मात्र नाही. करांत सवलती द्याव्या लागल्या. आणि स्टेडियमलगत वाळूच्या घड्याळाच्या आकाराचे दगडी खांब उभे आहेत. इथं मिल क्रीक व्हॅली नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती होती. १९५९ पासून शहरानं 'सुधारणा' म्हणून ती पाडली आणि सुमारे वीस हजार माणसं उठवली. खांब त्यांच्या आठवणीचे आहेत. मॅचला जाताना मी दर वेळी एका खांबाला हात लावून पुढे जाते.

आता कोल्हापूर. जुन्या माणसांचं 'खेळावर सरकारी पैसा कशाला' हे म्हणणं मला मान्य नाही. खासबाग मैदान राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानच्या पैशातून बांधलं आणि १९१२ साली खुलं झालं. वाडगा ठेवावा तसं ते मैदान आहे, सगळ्यात मागच्या माणसालाही कुस्ती दिसते. तो खर्च वाया गेला असं कोल्हापुरात कुणी म्हणणार नाही. पण खासबागेला मालक नव्हता. तिथं कमावून, नंतर जास्त पैसे देणाऱ्या गावाला निघून जाईल असं कुणी नव्हतं. व्यावसायिक संघ म्हणजे धंदा, आणि धंदा फायद्याच्या गावाला जातो. पोरांच्या बोलण्यात हा फरक कुठंच येत नाही, म्हणून मला काळजी वाटते.

करार न वाचता झाला की काय होतं हे कोल्हापूरला मी सांगायला नको. खासगी कंपनीकडून शहरातले रस्ते करून घेतले, मग नाक्यांवर टोल आला, मग एन. डी. पाटील सर आणि गोविंद पानसरे यांच्यामागं अख्खं शहर रस्त्यावर उतरलं. टोल गेला, पण कंपनीचे पैसे शेवटी सरकारनं, म्हणजे आपणच, चुकते केले. त्यानंतर २०२० च्या नोव्हेंबरपासून पाच वर्षांहून जास्त काळ महापालिकेत नगरसेवकच नव्हते, कारभार प्रशासकाचा. असा मोठा खर्च त्या काळात आला असता तर पेठेतल्या माणसानं कुणाला जाब विचारला असता?

भाऊ म्हणतो, आपल्याकडं टेलर नाहीत, सरकारनं नाही दिलं तर कोण देणार? खरं आहे, आणि म्हणून सरकारी पैसा लागेल हे मी मानते. पण मग जागा आणि इमारत शहराच्या नावावर राहिली पाहिजे. संघानं भाडं भरावं, आणि सोडून गेला तर किती भरपाई द्यायची ते आधी लिहून घ्यावं. वीस वर्षांची देखभाल, दिव्यांचं बिल, हिरवळीचं पाणी हे सगळं पहिल्याच आकड्यात धरावं. धरणातून शहरात येणाऱ्या थेट पाइपलाइनच्या पाण्याची किती वर्षं वाट पाहिली हे आपल्याला माहीत आहे, तेव्हा हिरवळीला पाणी कुठून आणणार ते आधी सांगा. सकाळी शाळेच्या पोरींना तिथं सराव करता यावा आणि त्यांच्यासाठी स्वच्छतागृहं असावीत, ही अट मी सगळ्यात वर लिहीन.

आणि पहिला रुपया पेठांतल्या सरावाच्या मैदानांवर पडावा. २०१७ मध्ये भारतात सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप झाला, त्यात कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला. असे आणखी दहा जण घडले तर ते स्टेडियमच्या गॅलरीत घडणार नाहीत.

गेल्या रविवारी मी हे सगळं भावाला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग त्यानं फोन फिरवून भाचीचे बूट दाखवले. ती अकरा वर्षांची आहे, पेठेतल्या मैदानात पावसाचं पाणी साचलंय म्हणून तीन आठवडे सराव बंद आहे, आणि वाळलेल्या चिखलानं बुटाची तळी पार भरून गेली आहे. "भाड्याचं आणि भरपाईचं ते काय म्हणालीस, लिहून पाठीव," तो म्हणाला. "शनिवारी तालमीत बैठक हाय. पोरींच्या सरावाचं मीच पयलं बोलतो."

मी रात्रीच लिहून पाठवलं.