पोटनिवडणुकीत जिंकलं की पाच वर्षं मिळतात? नाही!

सकाळपासून ग्रुपवर फिरतंय की पोटनिवडणुकीत निवडून आलेल्या आमदाराला निकालापासून पूर्ण पाच वर्षं मिळतात. हे चुकीचं आहे, विधानसभेची जेवढी मुदत उरली तेवढीच मिळते. आपल्या पुण्यातल्या कसबा मतदारसंघाचंच बघा ना, आमदार मुक्ताताई टिळक डिसेंबर २०२२ मध्ये वारल्या, २६ फेब्रुवारी २०२३ ला मतदान झालं, २ मार्चला रवींद्र धंगेकर निवडून आले आणि २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेच्या मतदानासाठी आपण परत रांगेत उभे होतो, म्हणजे दोन वर्षंही झाली नव्हती. उरलेली मुदत वर्षापेक्षा कमी असेल तर पोटनिवडणूक घ्यायचं बंधनच नसतं, अकोला पश्चिमची २०२४ मध्ये हायकोर्टाने यावरूनच रद्द केली. मत देणाऱ्याला हे नीट माहीत असायला हवं, म्हणून तो मेसेज प्लीज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर तिथे हे टाका.