डेड्झाचा दवाखाना आणि मिरजेचा ग्रुप

आमच्या मिरजेच्या शाळेतल्या बॅचचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. एरवी त्यावर सुप्रभातची फुलं आणि गुडघेदुखीचे काढे येतात. महाराष्ट्रात धर्मांतरविरोधी कायद्याची चर्चा सुरू झाली आणि ग्रुपला कंठ फुटला. "एकजात सगळे मिशनरी हाकलले पाहिजेत. दवाखाना हा नुसता देखावा, आतला धंदा वेगळाच," असं एकाने लिहिलं. खाली अंगठ्यांची रांग लागली. त्याच गृहस्थांनी त्याच आठवड्यात पुतण्याच्या यशाची बातमी टाकली होती. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस, बाँडचं एक वर्ष खेड्यात काढायचं होतं ते दहा लाख भरून मिटवलेलं, आणि आता पुण्यात रेडिऑलॉजी. तिथेही अंगठे. दोन्हीकडे अंगठे देणारे तेच.

मला राग आला तो या दोन मेसेजमधल्या अंतराचा.

मी आफ्रिकेत, मलावीची राजधानी लिलाँग्वेत असतो, सोलर पंप आणि बॅटऱ्यांच्या धंद्यात. डेड्झा गावाच्या पलीकडे एम-वन हा हमरस्ता सोडून कच्च्या रस्त्याला लागलं की एक मिशनचा दवाखाना आहे. तिथला बोअरचा पंप आणि लशींच्या फ्रिजचं सोलर आम्ही बसवलेलं, त्यामुळे माझं जाणं-येणं असतं. तो चालवणारं जोडपं, म्हणजे डॉक्टर आणि त्यांची नर्स बायको, दक्षिण कोरियाचं आहे. ग्रुपवर मी त्यांच्याबद्दल लिहिलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "तुझे ते गोरे कुठले रे?" मिशनरी म्हटलं की गोरा, हे आपल्याकडे १९४७ ला जे गोठलं ते गोठलंच. कोरियात १८८५ मध्ये एका अमेरिकन मिशनरी डॉक्टराने पहिला पाश्चात्त्य पद्धतीचा दवाखाना काढला, त्यातूनच पुढे सोलचं सेव्हरन्स हॉस्पिटल उभं राहिलं. आज तोच देश स्वतःचे मिशनरी बाहेर पाठवतो. हे मी लिहिलं. उत्तरादाखल एका काढ्याची कृती आली.

त्यांच्या दिवसात देखावा कुठे असतो ते मी शोधून पाहिलं आहे. सात वाजता व्हरांड्यात प्रार्थना. तोवर लांबलांबून आलेल्या बायका पाठीला चितेंजेत, म्हणजे अंगाला गुंडाळायच्या कापडात, पोर बांधून बसलेल्या असतात. जी ती आपला हेल्थ पासपोर्ट, म्हणजे तब्येतीच्या नोंदींची वही, खिडकीतल्या गठ्ठ्याखाली सरकवते, तोच नंबर. रांगेत माणूस नाही, वही उभी असते. मधूनच कुणाचा तरी काबाझा, म्हणजे सायकल-टॅक्सी, अंगणात शिरतो, मागच्या कॅरिअरवर कळा देणारी बाई, आणि मग वहीबिही कुणी बघत नाही. पावसाळ्यात, विशेषतः जानेवारी ते मार्च, दर दुसरं पोर तापाने फणफणलेलं. बोटाला टोचून थेंबभर रक्त पट्टीवर, पंधरा-वीस मिनिटं वाट, दुसरी रेघ उमटली की मलेरिया. मोठ्या माणसाला तीन दिवसांत चोवीस गोळ्या. त्या गोळ्यांच्या पाकिटावर बहुतेक वेळा मेड इन इंडिया असतं. एचआयव्हीच्या गोळ्यांवरही. औषध आपलं, हे मी ग्रुपवर अभिमानाने टाकलं, आणि त्यावर मात्र सगळ्यांचे झेंडे फडकले.

बाईंचं काम मला जास्त बघायला मिळतं, कारण फ्रिज त्यांच्या खोलीत आहे. दोन ते आठ अंशांच्या मधे काटा राहिला पाहिजे, आणि दिवसातून दोनदा त्या तो स्वतः कागदावर उतरवतात. शेजारी छताच्या हुकाला तराजू लटकतो. पोराला कापडी चड्डीसारख्या झोळीत घालून अडकवायचं, ते किंचाळतं, काटा थरथरतो, आणि थरथर थांबायच्या आत वजन वाचायचं. मग दंडाला रंगीत पट्टी. लाल आलं, म्हणजे पोर फारच कुपोषित, की आईच्या हातात चिपोंडेची, म्हणजे शेंगदाण्याच्या पौष्टिक पेस्टची पाकिटं. जानेवारी-फेब्रुवारीत घराघरातला मका संपलेला असतो, तेव्हा लाल फार येतं. गरोदर बाईची एचआयव्ही चाचणी पहिल्याच खेपेला होते. निघाला तर त्याच दिवशी गोळ्या सुरू, आणि त्या जन्मभर. ही पद्धत जगात सर्वांत आधी २०११ मध्ये मलावीने सुरू केली. आपल्याकडे कुणाला मलावी नकाशात दाखवता येणार नाही, पण "आफ्रिकेत काय, सगळं मागासलेलं" हे वाक्य तयार असतं.

डॉक्टरांचं काय? त्यांना मी स्टेथोस्कोप लावलेलं क्वचितच पाहिलं. बरीचशी सिझेरियन क्लिनिकल ऑफिसर, म्हणजे डॉक्टरची पदवी नसलेले पण शिकून तयार झालेले लोक करतात, तेही उत्तम. डॉक्टर असतात हिशेबात. बाळंतपणं आणि लहान मुलांचे उपचार सरकारशी झालेल्या करारानुसार फुकट, पण त्यांची बिलं महिनोन्महिने अडकतात. ॲम्ब्युलन्सला डिझेल नाही. हातमोजे संपत आले. सोलच्या चर्चला पत्र लिहायचं, की गेल्या वेळचे पैसे कशात गेले. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने मदत थांबवली तेव्हा एचआयव्हीच्या कामावरची पगारी मुलं एका फटक्यात घरी बसली, आणि त्यांची रजिस्टरं भरायला रात्री हे दोघे नवरा-बायको टॉर्च लावून बसायचे. परदेशी पैसा म्हणजे कटकारस्थान असं ज्यांना वाटतं त्यांनी तो पैसा बंद झाल्यावरची रजिस्टरं बघावीत.

जेवायला मला थांबवून घेतात. न्सिमा म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, भाजी, आणि बरणीतली किमची. कोबी मागच्या अंगणातला, तिखट कोरियाहून आलेलं. बाई बरणीचं झाकण उघडतात तेव्हा मला आमच्या घरची खाराची बरणी आठवते, आणि मी गप्प खातो. त्यांची दोन्ही मुलं बोर्डिंगात आहेत. सुट्टीत कोरियात गेली की त्यांना तिथे करमत नाही, आणि इथे ती "अझुंगु"च, म्हणजे गोरी. कोरियन माणसालासुद्धा इथे अझुंगु म्हणतात. मी मात्र "म्वेन्ये", म्हणजे भारतीय.

आता ग्रुपची बाजू. ती सगळी खोटी नाही. सेवेच्या आडून धर्मांतर नको असं गांधीजीही म्हणत, हे एकाने बरोबर आठवून दिलं. मलावीपुरतं बोलायचं तर लोक आधीच बहुसंख्येने ख्रिस्ती आहेत, त्यामुळे बाटवायचं कुणाला हा प्रश्नच आहे. पण ते आधीचं कसं झालं? १८७५-७६ पासून स्कॉटिश मिशनऱ्यांनी शाळा आणि दवाखाने काढले, आणि पुढे आलेल्या मिशनऱ्यांनी इथल्या चेवा लोकांच्या गुले वाम्कुलूला सैतानाचा नाच ठरवलं. आज युनेस्कोच्या यादीत असलेला तो मुखवट्यांचा नाच, आणि त्यात सामील होणाऱ्याला कित्येक चर्चमध्ये थारा नव्हता. हे नुकसान खरं आहे. आणि व्हरांड्यातली ती सातची प्रार्थना? सक्ती नाही. पण खिडकी उघडते प्रार्थनेनंतर. आजारी पोर घेऊन आलेली बाई उठून जाणार कुठे? त्या वेळी मी पिकअपमध्ये बसून राहतो, फोन बघत. डॉक्टरांना एकदा हे बोललोही. ते म्हणाले, प्रार्थना हीच त्यांची सुरुवात आहे, दवाखाना त्यातून आला. मला ते पटलेलं नाही. फ्रिजचा काटा मात्र दोन आणि आठच्या मधेच असतो.

शिवाय हे लिहिणारे कोण, तर मिरजकर! विल्यम वानलेस १८८९ मध्ये आले, १८९४ मध्ये त्यांनी हॉस्पिटल उभं केलं, आणि त्यानंतर मिरज ही दवाखान्यांची पेठ झाली. आज ग्रुपवरचे निम्मे लोक कुठल्या ना कुठल्या हॉस्पिटलच्या, मेडिकलच्या, पॅथॉलॉजीच्या जिवावर बंगले बांधून आहेत. मी स्वतः मिशन हॉस्पिटलात जन्मलो. माझी आजी तिथे ऑपरेशनला होती तेव्हा वॉर्डात सकाळी प्रार्थना व्हायची. आजी डोळे मिटून हात जोडायची आणि मनात रामरक्षा म्हणायची. सिस्टर खूश, आजी खूश. ती टाके काढून घरी आली आणि त्या साली गणपतीला दोन मोदक जास्त केले. आमच्या घरातलं कुणी बाटलं नाही. हे मी लिहिलं तर उत्तर आलं, "तुमचं ठीक आहे रे, गरिबांचं काय?" म्हणजे आपण तेवढे शहाणे, आणि गरीब माणूस गोळीबरोबर देवही बदलतो. या वाक्यात गरिबाबद्दल काय मत आहे ते एकदा वाचून बघावं.

दुसरं ठरलेलं उत्तर: "आपल्याकडे आमटे आहेत, बंग आहेत, मेळघाटात कोल्हे आहेत. आपल्याला बाहेरच्यांची गरज नाही." मला या सगळ्यांबद्दल नितांत आदर आहे. पण त्या यादीतून जामखेड नेहमी गळतं. रजनीकांत आणि मेबल आरोळे १९७० मध्ये जामखेडला गेले, गावातल्या निरक्षर बायकांना, त्यातही दलित बायकांना, आरोग्याचं शिक्षण दिलं, आणि जगभरातून लोक ते बघायला येऊ लागले. १९७९ मध्ये मॅगसेसे मिळालं. दोघेही वेल्लोरच्या ख्रिस्ती मेडिकल कॉलेजचे, श्रद्धेने ख्रिस्ती, आणि रजनीकांत तर नगर जिल्ह्यातलेच. बाहेरचे कोण मग? यावर ग्रुप शांत. नंतर कुणीतरी क्रिकेटचा स्कोअर टाकला.

इथल्या क्लिनिकल ऑफिसरने मला एकदा विचारलं, "आमचे हृदयाचे, किडनीचे पेशंट तुमच्या देशात जातात. तुमचे डॉक्टर इकडे येतात का?" लिलाँग्वेत आहेत काही, मी म्हणालो. "नाही, इथे," तो म्हणाला आणि पायाखालच्या मातीकडे बोट केलं. मी मलावीचे पहिले राष्ट्राध्यक्ष हेस्टिंग्ज बंदा यांच्या काळाची गोष्ट सुरू केली: सत्तरच्या दशकात खेड्यापाड्यातले भारतीय दुकानदार उठवून ब्लँटायर, लिलाँग्वे, झोंबा इथे नेले, म्हणून खेड्यात भारतीय दिसत नाही, वगैरे. तो ऐकत होता. ते दुकानदार गुजराती होते, माझा त्यांच्याशी संबंध नाही, आणि ते दुकानदार होते, डॉक्टर नव्हते, हे दोन्ही मला बोलता बोलताच जाणवत होतं. मी लिलाँग्वेच्या एरिया ४७ या वस्तीत भिंतीआड राहतो. गेटवर माणूस आहे. मला इथली भाषा, चिचेवा, येते ती पंप दुरुस्त करण्यापुरती. ती कोरियन बाई बाळंतिणीला रागावते तेव्हा बाकीच्या बायका हसतात, इतकी तिची चिचेवा अस्सल आहे.

मिरजेला गेलो की मी आठ दिवसांत कंटाळतो. ट्रॅफिक, लाउडस्पीकर, प्रत्येकाचं प्रत्येक गोष्टीवर मत. इथे आलो की बाकरवडीसाठी जीव जातो आणि ग्रुप उघडून बसतो, भांडायला का होईना. भांडण्यापुरता तरी मी अजून मिरजेचा आहे.

परवा त्या पुतण्याने, तोही ग्रुपवर आहे, मला सरळ विचारलं. "काका, मी दहा लाख भरून खेडं टाळलं. तुम्ही देशच टाळलात. मग आपल्यात फरक काय?" पोरगं हुशार आहे. मी लिहिलं, मी डॉक्टर नाही, इंजिनिअर आहे, आणि माझ्यावर सरकारने फुकट शिक्षणाचा खर्च केलेला नाही. पाठवल्यावर आठवलं की माझं डिप्लोमाचं शिक्षण सरकारी तंत्रनिकेतनातच झालं. कुणाच्या लक्षात आलं नाही. मेसेज तसाच ठेवलाय.

पुढच्या आठवड्यात फ्रिजच्या बॅटऱ्या बदलायला डेड्झाला जायचं आहे. बिल लावलंय. सूट दिली आहे दहा टक्के, बायको म्हणते वीस द्यायला हवी होती.