घर सासऱ्याचं असलं तरी सुनेला असं हाकलता येत नाही

परवा रात्री अकराला जवळच्या एका मुलीचा मेसेज आला, "ताई, हे खरंय का?" खाली तोच फॉरवर्ड जो दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी टाकला होता, 'लॉकडाऊनमधल्या घरगुती हिंसाचाराचं सत्य'. मी उत्तर टाइप करेपर्यंत तिने मेसेज डिलीट केला, कारण तिचा फोन घरात तपासला जातो. म्हणून इथेच लिहिते.

त्यातलं सगळ्यात घातक वाक्य: 'घर सासऱ्याच्या नावावर असेल तर सुनेला कधीही बाहेर काढता येतं.' साफ खोटं! २००६ च्या एका निकालामुळे बरीच वर्षं तसं धरून चालायचे, पण १५ ऑक्टोबर २०२० ला, ऐन कोरोनात, सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायाधीशांनी सतीश चंदर आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या केसमध्ये तो निकाल चुकीचा ठरवला. सातबारा, अ‍ॅग्रीमेंट कुणाच्या नावावर आहे हा प्रश्नच नाही, ती त्या घरात संसार करत राहिली असेल तर तिला तिथे राहायचा हक्क आहे आणि कायदेशीर प्रक्रियेशिवाय तिला काढता येत नाही. हा हक्क अमर्याद नाही, म्हाताऱ्या सासूसासऱ्यांचाही विचार करायचा हेही त्याच निकालात आहे, मान्य. पण ते कोर्ट ठरवेल, तिची बॅग जिन्यात आणून ठेवणारा नवरा नाही. 'घर बाबांचं आहे, चल नीघ' हे या मुलीला लॉकडाऊनपासून ऐकवतायत आणि ती खरं मानून मार खात राहिलीय.

दुसरं, 'तक्रारी कमी झाल्या म्हणजे हिंसा कमी झाली.' यात अर्धं खरं आहे. एनसीआरबीच्या, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी विभागाच्या आकड्यांत २०२० मध्ये महिलांवरचे नोंदलेले गुन्हे ८.३ टक्क्यांनी कमी दिसतात. अहो पण नोंदवायला बाहेर पडणार कशी? नवरा चोवीस तास घरात, रिक्षा बंद, माहेरी जायला पास लागायचा. ही मुलगी तेव्हा मला फोन करायची तो रिकामा मिक्सर चालू करून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून, आणि मिक्सर थांबला की फोन बंद. राष्ट्रीय महिला आयोगाकडे मात्र २३ मार्च ते १६ एप्रिल २०२० मध्ये घरगुती हिंसाचाराच्या २३९ तक्रारी आल्या, त्याआधीच्या २५ दिवसांत १२३ होत्या. पोस्टाने येणाऱ्या तक्रारी अडकल्या होत्या तरी हे. १० एप्रिलला आयोगाने व्हॉट्सअ‍ॅप नंबर काढला तो उगाच नाही.

'४९८अ लावलं की सगळं घर आत' हेही जुनंच. (हे सासरच्या छळाचं कलम, जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते कलम ८५ आहे.) २०१४ पासून सुप्रीम कोर्टाचा अर्नेश कुमार निकाल आहे, सरसकट अटक करायची नाही म्हणून. खोट्या केसेस होतात काही, नाही म्हणत नाही. पण २००५ चा घरगुती हिंसाचार कायदा वेगळा आहे, त्यात आधी संरक्षण, राहायला घर, खर्चाला पैसे हे आदेश मिळतात. नवऱ्याने संरक्षण आदेश मोडला तर मग शिक्षा.

आणि 'तक्रार केली नसेल तर दवाखान्यात घेत नाहीत', हे कोणी लिहिलं? या कायद्याखाली मदत मागितली तर रिपोर्ट नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, नियमातच आहे. आधी जखम दाखव, केसपेपर जपून ठेव, पुढे तोच पुरावा होतो.

काका, तो मेसेज ग्रुपवरून काढा. आणि जिने विचारलं तिला: १८१ महिला हेल्पलाइन, ११२ पोलीस. बोलायला जमलं नाही तर मला नुसता मिस कॉल दे, मी निघते.